उताराची उलटी

भिंगरीच्या सासूबाईंनी एकदा अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं की आमच्या सुनेला दिवस गेलेत.

झालं होतं असं. सून दुपारी जेवायला घरी आली, हेल्मेट काढून खुर्चीवर टाकलं आणि फोनवर नणंदेला म्हणाली, "अगं काय सांगू, आज सकाळपासून नुसत्या उलट्याच उलट्या! अंगात त्राण उरलं नाही." सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि कान टवकारले. सुनेचं वय चाळिशीच्या पलीकडे, धाकटी लेक कॉलेजात, पण आशेला काय वय असतं? आधी त्यांनी साखर-मिठाचं पाणी करून सुनेपुढे ठेवलं, मग चपला सरकवल्या आणि खाली गेल्या. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शिंपीण अभिनंदन करायला वर आली तेव्हा भिंगरीचा नवरा नुकताच कामावरून परतला होता. तो रंगारी. अंगावर पांढरे ठिपके, हातात रिकामा डबा, आणि तोंड असं झालेलं की बघवेना.

"मला तरी आधी सांगायचंस," तो बायकोला म्हणाला.

"काय सांगायचं? कपाळ!" भिंगरी म्हणाली, आणि मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

उलटी म्हणजे ती उलटी नव्हे, हे सासूबाईंना समजावताना घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तुम्हालाही आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पण साखर-मीठ घेऊन याल.

भिंगरी घरपोच सामान पोचवते. एक स्कूटर, पाठीवर चौकोनी पिशवी, हँडलला अडकवलेला फोन. कालव्यावर एक उंच पूल आहे. त्याच्या अलीकडच्या टोकाला गोदाम, आणि गोदामाच्या शटरसमोर, पुलाच्या सावलीत, ही सगळी पोचवणारी मंडळी स्कूटरवर बसून कामाची वाट बघतात. गिऱ्हाइकं बहुतेक कालव्यापलीकडची. आता रीतसर पलीकडे जायचं तर मोठ्या चौकापर्यंत जा, दोन सिग्नलांना ताटकळा, वळसा घाला आणि मग पुलावर चढा. आणि गोदामाच्या अगदी नाकासमोर पुलाचा उतार येऊन टेकतो, तो फक्त खाली येणाऱ्या गाड्यांचा. पण कठड्याला चिकटून खालून वर घुसलं, तर वर दुभाजकाला एक फट आहे. तिथून स्कूटर आडवी घातली की झालं काम. येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर उलटं जायचं, म्हणून ही उलटी. "जरा एक उलटी मारून येतो," असं लोक इतक्या सहज म्हणायचे की जणू कोपऱ्यावर चहा प्यायलाच निघालेत.

काम कुणाला द्यायचं हे तिथे माणूस ठरवत नाही. गोदामात साहेब आहे, पण तो शटर उघडतो, बंद करतो आणि भांडणं मिटवतो. काम वाटतो तो फोनमधला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो दिवसभर शेरे मारत बसतो. काम आलं की फोन किंचाळतो, पडद्यावर एक गोल चक्र येतं, आणि वेळ संपत जाईल तसं ते आकसत जातं. चक्र संपायच्या आत पोचलात तर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका. उशीर झाला तर लाल. हिरव्याला आधी काम, चांगलं काम. लाल माणूस बसला सावलीत माशा मारत. का लाल झाला, चाक पंक्चर होतं की जिना सहा मजल्यांचा होता, याच्याशी मास्तरला देणंघेणं नाही. वाद घालायला त्याला तोंड नाही आणि कान तर नाहीतच.

आणि या मास्तरची सगळ्यात लाडकी कोण? भिंगरी. हे नाव तिला कुणी उगीच नाही ठेवलं. लहानपणापासून पायाला भिंगरी, एका जागी बसेल तर शपथ. पहिली उलटीसुद्धा तिचीच. कुणाच्या तरी औषधाचं पुडकं घेऊन निघाली होती, चौक तुंबलेला दिसत होता, चक्र आकसत चाललं होतं. तिने एकदा उताराकडे बघितलं आणि घातली स्कूटर वर. इतक्या लवकर पोचली की मास्तरने चक्क टाळ्यांचं चित्र पाठवलं.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीच्यांना कोडं पडलं की ही बया जाते कधी आणि येते कधी. भिंगरी काही आतल्या गाठीची नाही. तिने सगळ्यांना उताराच्या पायथ्याशी उभं करून शिकवलं: मोठं चाक दिसलं की कठड्याला चिकटा, हॉर्न वाजवत बसू नका, आणि मागे वळून तर बघूच नका. सगळे शिकले. सगळे हिरवे झाले. काही दिवस तिथे सणच होता म्हणा ना.

पण हळूहळू चक्र छोटं होत गेलं. पलीकडच्या कामाला मास्तर आधी पंचवीस मिनिटं द्यायचा. ती वीस झाली, मग सतरा, आणि शेवटी बारा. बारा मिनिटांत चौकातून जाऊन दाखवा बरं! पक्षी असाल तर जमेल. आधी उलटी मारणारा हुशार ठरत होता, आता न मारणारा उपाशी राहायला लागला. लोक कुरकुरायचे, मास्तरला शिव्या द्यायचे, आणि हँडल उताराकडे वळवायचे.

याच सुमारास भिंगरीची नणंद कामाला लागली. ती कापडाच्या दुकानात होती, दुकान बुडालं. वयाने भिंगरीहून बरीच लहान, जिभेने मात्र थोरली. एकमेकींना टोमणा मारल्याशिवाय दोघींना जेवण पचायचं नाही. पण स्कूटर शिकवली भिंगरीने, पिशवीचे पट्टे आवळून दिले भिंगरीने, आणि उलटीसुद्धा, अर्थात, तिनेच.

एके दिवशी दुपारी नणंद घरी आली ती हातात स्कूटरचा तुटलेला आरसा घेऊन.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही. आरसा गेला."

"आरसा कसा काय गेला?"

"पाण्याचा टँकर गेला ना, त्याच्या बरोबर गेला."

तिने आरसा टेबलावर ठेवला तेव्हा बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालेलं, त्यात कठड्याचा चुना भरलेला. सासूबाई "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसल्या. नणंदेचा फोन तेवढ्यात वाजला. मास्तरचा निरोप होता: आज तुम्हाला उशीर झाला, पुढच्या वेळी वेळेत निघा. खाली लाल ठिपका.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल गहाण टाकलीस का गं? टँकर दिसत नव्हता? आणि दिसला तर मागे फिरता येत नव्हतं?"

नणंद जखम धूत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वहिनी, ओरडू नकोस. मोठं चाक दिसलं की कठड्याला चिकट, असं तूच शिकवलंस. चिकटले म्हणून आरशावर भागलं."

भिंगरीने कापूस आणला, औषध लावलं, पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी भिंगरी साहेबासमोर उभी. साहेब तरणाताठा, बोलायला गोड, वाईट माणूस नव्हे. त्याने खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बारा मिनिटं कुणी ठरवली?"

"कुणीच नाही," साहेब म्हणाला. "आम्ही तर उलटं जाऊ नका असंच सांगतो. भिंतीवर पाटी लावलीय बघा."

"पाटी राहू द्या भिंतीवर. बारा मिनिटं आली कुठून?"

"सिस्टिम आपोआप शिकते हो. गाड्या खरोखर किती वेळात पोचतात ते बघते, आणि तेवढा वेळ पुढच्याला देते."

"बघून शिकते? कुणाला बघून?"

"तुम्हाला. म्हणजे सगळ्यांनाच," तो म्हणाला, आणि कौतुक करावं म्हणून पुढे बोलून गेला, "पण सगळ्यात जास्त तुम्हाला. तुमच्या वेळा फार छान आहेत."

आता बसली ती. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या त्याला घडवला कुणी? तिने. नणंद कठड्याला घासली ती हिच्या हिरव्या ठिपक्यांपायी. मारून घेतला होता धोंडा, आणि तोही एकट्या स्वतःच्या पायावर नाही.

"वाढवा मग वेळ," ती म्हणाली.

"माझ्या हातात नाही. आणि वरून वाढवून घेतली तरी लोक बारातच पोचत राहिले तर महिन्याभरात परत बारा." साहेबाने आवाज खाली आणला. "तुमच्या नणंदेचं कळलं. तिला मी कालव्याच्या अलीकडचीच कामं मिळतील असं करतो. तेवढं मला करता येतं. कुणाला सांगू नका."

खरं सांगते, भिंगरी क्षणभर विरघळली. हेच तर हवं होतं, पोरीचा जीव वाचला म्हणजे झालं. मग तिने खिडकीतून बाहेर बघितलं. सावलीत सगळे बसले होते, कुणी जांभया देत, कुणी चाकात हवा भरत.

"आणि तिच्या जागी पलीकडे कोण जाईल?"

"जाईल कुणीतरी."

"तो कुणीतरी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी नणंदच ना?" ती उठली. "नको. राहू द्या तुमची मेहेरबानी."

बाहेर येऊन तिने सगळ्यांना हाक मारली.

"अरे, आपण ज्याला मास्तर मास्तर म्हणतो ना, तो कसला मास्तर! पहिल्या बाकावरचा पढतमूर्ख आहे तो. आपण फळ्यावर लिहू ते उतरवून घेतो. आणि फळ्यावर चुकीचं गणित मी घातलंय."

"मग आता?" हे पैलवान. पैलवान म्हणजे काडीसारखा माणूस, जोराचा वारा आला तर पिशवीसकट उडेल, म्हणून पैलवान.

"पुसायचं. आजपासून सगळ्यांनी चौकातून जायचं. उलटी बंद. उशीर होऊ दे, लाल होऊ दे."

"आणि खायचं काय, सिग्नल?"

"सगळेच लाल झालो तर तो काम देणार कुणाला? स्वतः येणार आहे पिशवी अडकवून?"

"एक जरी हिरवा राहिला ना, तर सगळी चांगली कामं त्याला," पैलवान म्हणाला. "आणि बाकीचे बसतील तुझं तोंड बघत."

"म्हणून तर म्हणतेय, एकसुद्धा नको!"

लोकांनी माना डोलावल्या. पण माना डोलावणं वेगळं आणि हँडल वळवणं वेगळं. निम्मेअधिक चौकातून जायला लागले, पैलवान आणि त्याचं टोळकं मात्र उतारावरच राहिलं. भिंगरी, जी कधी एका जागी बसली नाही, ती सिग्नलला थांबून समोरच्या बसच्या मागचा भाग पाहत राहायची, आणि फोन किंचाळत राहायचा: वेळ संपतोय, वेळ संपतोय. "संपू दे मेल्या," ती त्याला म्हणायची. शेजारचे स्कूटरवाले बघायचे. गिऱ्हाइकं दारात तोंड वाकडं करायची. आठवडा व्हायच्या आत मास्तरची लाडकी सगळ्यात लाल झाली, आणि सावलीत बसून पैलवानाच्या फोनचं किंचाळणं ऐकायला लागली.

घरात चिमटा बसायला लागला तशी नणंद भडकली. "तुझं बरंय वहिनी! तू पोटभर हिरवं खाल्लंस. माझी आत्ता कुठे सुरुवात, तर आत्ताच तुला शहाणपण सुचलं!"

"तुझा हात मोडला असता त्या दिवशी."

"माझा हात आहे, मी बघेन!"

"तुझा हात मी वाढवलाय," सासूबाई आतून कडाडल्या. "मला विचारून मोड!"

रंगाऱ्याने जेवता जेवता एवढंच म्हटलं, "मी दोन भिंती जास्त रंगवतो. तुम्ही भांडू नका आणि उतारावर पण जाऊ नका." नणंद ताटावरून उठली, पण दुसऱ्या दिवशी गेली ती चौकातूनच. दिवसभर पुटपुटत होती, ते सोडा.

आणि मग ती दुपार. भिंगरी सावलीत बसलेली. पैलवानाला पलीकडचं काम आलं, त्याने रोजच्यासारखी स्कूटर उतारावर घातली. भिंगरीने मान वर केली तर वरून नणंद खाली येत होती, पलीकडचं काम करून, रीतसर, आपल्या वाटेने. एका आरशाची स्कूटर लांबूनच ओळखू आली. भिंगरी ताडकन उठली.

दोघांनी एकदमच ब्रेक दाबले. चाकं एकमेकांपासून हातभर अंतरावर थांबली. पैलवानाने नेहमीसारखं हाताने खुणावलं, बाजूला हो. नणंद बाजूला झाली नाही. तिने स्कूटर आडवी केली, स्टँड लावला, आणि पट्टी बांधलेल्या हातासकट हाताची घडी घालून उभी राहिली.

"परत फिर," ती म्हणाली.

"अगं वेडी का तू? चक्र संपतंय माझं!"

"संपू दे. त्या दिवशी टँकर होता, आज तू आहेस. मी आता कुणासाठी कठड्याला चिकटणार नाही. परत फिर."

मागे गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. एका बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ताई, काय झालं ओ?"

"काही नाही काका," नणंद वळून म्हणाली, "ह्यांना उलटी झालीय."

"मग पाणी पाजा की त्याला!"

खाली सावलीत जो हशा पिकला तो पुलाच्या कमानीत घुमला. पैलवान स्कूटर पाय टेकत टेकत मागे खेचू लागला. अख्खा उतार तो तसा उतरला, मागे न बघायची शिकवण मिळालेला माणूस आता मागेच बघत. खाली आल्यावर त्याने स्कूटर लावली आणि फूटपाथवर बसला. त्याचा फोन किंचाळून किंचाळून गप्प झाला आणि नावापुढे लाल ठिपका पडला.

भिंगरीने त्याला पाण्याची बाटली दिली. कुणी हसलं नाही.

"पट्टी दिसली मला तिची," तो पाणी पिऊन म्हणाला. "एवढ्या जवळून. उद्यापासून चौक." त्याच्या टोळक्याने पुढे फाटे फोडले नाहीत.

मग सगळेच लाल. फोन बराच वेळ मुके राहिले. मास्तर बहुतेक हिरवा माणूस शोधत बसला असावा. आणि मग एकदम सगळे फोन किंचाळायला लागले, लालांनाच, कारण दुसरं होतं कोण? दिवस कठीण गेले, ते काही मी लपवणार नाही. साहेब दोनदा बाहेर येऊन "जरा सांभाळून घ्या" म्हणून गेला. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण बारा होते त्याचे चौदा झाले. चौदाचे सतरा. पढतमूर्ख जसं शिकला होता तसंच विसरत होता, मुकाट्याने, कुणाची माफी न मागता.

आणि एका सकाळी भिंगरीचा फोन वाजला. पलीकडचं काम. चक्र चांगलं टपोरं. चोवीस मिनिटं!

तिने पिशवी पाठीला लावली, स्कूटर सुरू केली, आणि तिथेच खरी मेख होती. समोर उतार मोकळा. वरून एक गाडी येत नव्हती. चोवीस मिनिटांच्या कामात एकच उलटी मारली तर ती एवढी लवकर पोचेल की मास्तर पुन्हा टाळ्या वाजवेल, एका दिवसात सगळ्यात हिरवी, सगळ्यात लाडकी. तिच्या पायाला ते आधी कळलं, मनाला नंतर. स्कूटर थोडी पुढे सरकलीही. मागे सावलीतून नणंद बघत होती, पैलवान बघत होता.

मास्तरने पडद्यावर एक निळी रेघ काढली, सरळ उतारावरून वर जाणारी, आणि लिहिलं: याहून जलद मार्ग उपलब्ध आहे.

"असेल," भिंगरी म्हणाली. "मीच शोधलाय तो. आणि मीच बुजवलाय." तिने हँडल चौकाकडे वळवलं आणि फोनवर बोट आपटून म्हणाली, "बघ नीट. आणि आता शीक."

पहिल्याच सिग्नलला सासूबाईंचा फोन आला. त्यांना अजून सगळं कळलं होतं असं नाही, पण रोज विचारायची सवय लागली होती.

"आज उलट्या?"

"एकपण नाही."

"बघ, साखर-मीठ लागू पडलं की नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"लागू पडलं," भिंगरी म्हणाली, आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबून राहिली.